पॉलिसीवरचा जीएसटी गेला, मग एजंटचं कमिशन का घटलं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. स्टेटस आणि ग्रुपमध्ये आनंदाचे मेसेज फिरले. त्यानंतर काही दिवसांतच विमा एजंटांच्या ग्रुपवर वेगळीच चर्चा सुरू झाली. अनेक खासगी कंपन्यांनी त्यांचं कमिशन कमी केलं होतं.

कर ग्राहकाचा माफ झाला, मग कात्री एजंटला का लागली? कारण कंपन्या एजंटच्या कमिशनवर, ऑफिसच्या भाड्यावर, जाहिरातीवर जो जीएसटी भरत होत्या, तो ग्राहकाकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता करून घेत होत्या. यालाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. ग्राहकाचा करच बंद झाल्यावर ही वजावटही गेली आणि तो खर्च कंपनीच्या अंगावर आला. मग कंपन्यांनी ‘कमिशनमध्येच जीएसटी धरा’ असं सांगितलं. आधी १०० रुपये मिळायचे तिथे सुमारे ८५ रुपये हातात येऊ लागले.

पण एजंटांना बसलेला हा पहिला फटका नव्हता. त्याआधीचा फटका १ ऑक्टोबर २०२४ चा, आणि विमा कंपन्यांचा नफा नेमका कुठून येतो हे त्यावरून जास्त कळतं.

एंडोमेंट पॉलिसी घेणाऱ्या एखाद्या माणसाने वर्षभर हप्ता भरला आणि पुढे जमलं नाही म्हणून पॉलिसी सोडली, तर पूर्वी त्याला काहीच परत मिळत नसे. हप्ता बुडाला, विषय संपला. नियामक आयआरडीएआयने हे बदललं. आता एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर पॉलिसी सोडतानाही काही रक्कम द्यावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने हा न्याय्य बदल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यामुळे कंपनीचं गणित उलटं झालं.

आयुर्विम्यात पहिल्या वर्षी कंपनीच्या हातात फारसं काही उरत नाही. कमिशन, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं यातच पहिल्या हप्त्याचा मोठा भाग संपतो. पैसा सुटतो तो पॉलिसी पुढची दहा-पंधरा वर्षं चालली तर. पॉलिसी मध्येच बंद पडली की नुकसान व्हायचं, पण ते बरंचसं ग्राहक सोसत होता. नव्या नियमाने त्यातला वाटा कंपनीकडे आला आणि कंपन्यांनी तो खाली एजंटकडे ढकलला.

एलआयसीने एंडोमेंट प्रकारच्या योजनांवर पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणलं आणि नूतनीकरणाचं ५ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर नेलं. ३० हजारांच्या हप्त्यावर हिशोब करा. पहिल्या वर्षी १०,५०० ऐवजी ८,४००, म्हणजे २,१०० रुपये कमी. पुढे प्रत्येक वाढीव हप्त्यामागे ७५० रुपये जास्त. खड्डा भरायला असे तीन हप्ते यावे लागतात. वीस वर्षं मुरलेल्या एजंटला हे परवडतं, कारण जुन्या पॉलिसींचं कमिशन येतच असतं. गेल्या महिन्यात परीक्षा देऊन आलेल्या पोराने काय करायचं?

आणि टॅलेंटचा प्रश्न इथेच आहे. एजंट व्हायला अट फार मोठी नाही. दहावी पास, थोडं प्रशिक्षण, एक परीक्षा. पण पगार नाही. सुरुवातीला मामा, मेव्हणा, शाळेतले मित्र यांच्या पॉलिसी होतात. ती यादी संपली की बरेच जण हा धंदा सोडतात. मागे राहतात त्या ‘अनाथ’ पॉलिसी, ज्यांच्या हप्त्याची आठवण करून देणारं कुणी नाही. मग त्याही बंद पडतात. म्हणजे माणूस न टिकणं आणि नफा न टिकणं ही दोन वेगळी दुखणी नाहीतच.

बँकांमधून विमा विकून खासगी कंपन्यांनी यावर तोड काढली खरी, पण तिथे टार्गेटच्या दबावाखाली एफडी करायला आलेल्या आजोबांच्या हातात पॉलिसी पडते. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही २०२४ मध्ये बँकांना यावरून जाहीरपणे सुनावलं होतं.

धंदा वाढला म्हणजे नफा वाढला, असं नसतं. याचा सरकारी पुरावा सर्वसाधारण विम्यात सापडतो. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांमध्ये २०१९-२० ते २०२१-२२ या काळात केंद्राला १७,४५० कोटी रुपये ओतावे लागले. मोठ्या कंपन्यांचा गट आरोग्यविमा मिळवण्यासाठी हप्ता इतका खाली आणला जायचा की दावे आणि खर्च मिळून हप्त्याच्या वर जायचे. दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे दावे आणि खर्च किती, याला कम्बाइन्ड रेशो म्हणतात. देशातल्या सर्वसाधारण विमा उद्योगाचा हा आकडा गेली अनेक वर्षं १०० च्या वर आहे. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर गाडा चालतो.

जोखमीचा भाव ठरवणारी माणसंही मोजकीच. ॲक्च्युअरींची संस्था मुंबईत आहे, पण फेलो दर्जापर्यंत पोचलेले ॲक्च्युअरी अख्ख्या देशात काही शेकड्यांत मोजावे लागतात. परीक्षा संपता संपत नाहीत, आणि गणितात हुशार मुलांना आज सॉफ्टवेअरमध्ये लवकर पैसा मिळतो. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के करणारा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला. नव्या कंपन्या आल्या तर याच मोजक्या लोकांवर उड्या पडतील, हे उघड आहे.

एका योजनेत मात्र दुखण्यावर नेमकं बोट ठेवलेलं दिसतं. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतमधून सुरू झालेली एलआयसीची ‘विमा सखी’. दहावी पास महिलांना पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये विद्यावेतन. वर्षाला किमान २४ पॉलिसी आणाव्या लागतात. खरी गोम पुढच्या अटीत आहे: दुसऱ्या वर्षीचे पैसे हवे असतील तर पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असायला हव्यात. म्हणजे विकण्याचे पैसे आहेतच, पण टिकवण्याचेही आहेत.

२४ पॉलिसी म्हणजे महिन्याला दोन. आकडा छोटा वाटतो, पण गावात ज्यांच्याकडे दरवर्षी हप्ता भरण्याइतका पैसा उरतो अशी घरं मोजकीच असतात, आणि त्याच गावात दुसरी सखीही असू शकते. पहिल्या तुकडीचं विद्यावेतन २०२७ च्या अखेरीस संपू लागेल. त्यानंतर हातात फक्त कमिशन. तोवर जुन्या पॉलिसींचे हप्ते नियमित येत असतील तर महिन्याचा खर्च निघेल, नाहीतर या महिलाही दुसरं काम शोधतील.