फ्रॉइडच्या नावाने लावलेले दार

‘मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड आणि फ्रॉइड म्हणजे नास्तिक!’ असे विधान आपल्या धर्मग्रामांतील शिकलेली माणसेही बेधडक करतात. त्याचा उत्तरार्ध खरा आहे. धर्माला भ्रम ठरविणारे पुस्तक फ्रॉइडने १९२७ साली लिहिलेच. पूर्वार्ध मात्र निखालस खोटा आहे, आणि त्याची किंमत आपल्याच घरांतील आजारी माणसे मोजीत आहेत.

वुंटने १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा फ्रॉइडला वैद्यकाची पदवीही मिळाली नव्हती. १९१३ साली वॉटसनने तर मनालाच रजा दिली. दिसते ते वर्तन तेवढेच खरे, असा त्याचा हट्ट. (मुलांचे लाड करू नका, असा उपदेशही त्याने १९२८ साली मातांना केला. शास्त्रज्ञही वाहवत जातात!) पुढे रॉजर्सने दुसऱ्याचे मनापासून ऐकण्याला उपचाराचे स्थान दिले. नाझी छळछावणीतून वाचलेल्या फ्रँकलने जगण्याच्या अर्थालाच हात घातला. एकमेकांशी कडाडून भांडणाऱ्या या घराण्यांना फ्रॉइडच्या एकाच खुंटीला टांगणे हे अज्ञान आहे.

कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा जनक अल्बर्ट एलिस हाही नास्तिकच होता. म्हणून काय झाले? क्षयाचे औषध घेताना ते शोधणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला होता का, हे आपण विचारतो काय?

ख्रिस्तसभेने तरी कुठे नकार दिला? मिलानचे कॅथोलिक विद्यापीठ १९२१ साली स्थापन करणारे फादर जेमेल्ली हे फ्रान्सिस्कन संन्यासी स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. धर्मसेवेत मानसशास्त्राच्या निष्कर्षांचा उपयोग करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. आणि आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथीड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी चारशे वर्षांपूर्वीच भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात मनाची बेचैनी आणि खिन्नता यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. जाणत्या माणसाजवळ मन मोकळे करा, असा त्यांचा सल्ला आहे. त्यांच्या सणाला मेणबत्ती लावायची आणि घरातले दुखणे मात्र दडवायचे, ही कसली भक्ती?

खरे कारण फ्रॉइड नव्हेच. ‘लोक काय म्हणतील, पोरीचे लग्न कसे जमेल’ ही भीती आपण श्रद्धेच्या झग्याखाली लपवितो. रात्र रात्र न झोपणाऱ्या, जेवण टाकलेल्या मुलाला नोव्हेनामागून नोव्हेना करायला लावतो आणि गुण आला नाही, की ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ म्हणून त्याच्याच माथी दोष मारतो. प्रार्थना अवश्य करा. पण आजाऱ्याला अपराधी ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. पण छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनी-सेवाही आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर हा क्रमांक चर्चच्या फलकावर लिहायला किती खडू लागेल?