वय झाले, म्हणून नेम चुकतो?

जरीपटक्यातला तिशी ओलांडलेला एखादा नोकरदार सुटीच्या दिवशी पेंटबॉल खेळतो आणि त्याच्या मनात येते, यातच करिअर केले तर? घरचे म्हणतात, ‘आता वय राहिले का?’ वयाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच.

विशीनंतर प्रतिक्रियेचा वेग हळूहळू मंदावतो. तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के घटतात. नियमित व्यायामाने ही घट बरीच रोखता येते. नेम, अंदाज आणि सहकाऱ्यांशी ताळमेळ मात्र सरावाने येतो; मेंदू प्रौढपणीही शिकत असतो. सांगलीचे मुरलीकांत पेटकर मुळात मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात जखमी झाल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. अंजली भागवत यांनी रायफल धरली ती कॉलेजात, एनसीसीमध्ये. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

मोठी अडचण वेगळीच आहे. व्यावसायिक पेंटबॉल प्रामुख्याने अमेरिकेत खेळला जातो आणि तिथेही केवळ त्यावर घर चालवणारे थोडेच. आपल्याकडे तो बहुतांशी विरंगुळाच आहे. म्हणून नोकरी सोडू नये; खेळही सोडू नये. आठवड्यातून दोन-तीनदा धावणे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. मैदानात मुखवटा क्षणभरही काढू नये. सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेगाने येणारी गोळी डोळा घालवू शकते, मग वय कितीही असो.