उजेडाची दांडगाई

संध्याकाळी साडेसातला छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर, सुपारी हनुमान मंदिराजवळ, पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पैठण गेटकडून एक लोंढा येतो, औरंगपुऱ्याकडून दुसरा, सिटी चौकाकडून तिसरा. दुकानांच्या उजेडात खाली पडलेली सुईसुद्धा सापडेल आणि दुचाकी तर माणसाच्या चालीने सरकत असतात. अशा ठिकाणी हेडलाइटलाही फारसे काम नाही. तरी दर थोड्या वेळाने एक गाडी अशी येते, की समोरची माणसे डोळ्यांवर हात घेतात. लेगगार्डवर दोन पांढरेफेक एलईडी, हँडलखाली आणखी एक पट्टी, क्वचित लुकलुकणारा निळा-लाल दिवाही. पिशवी सावरत रस्ता ओलांडणारी बाई मध्येच थबकते. त्या झोतामागे दुचाकी आहे की रिक्षा, ती थांबणार की अंगावर येणार, तिला कळतच नाही.

गुलमंडीवर वेग नसतो म्हणून ती वाचते. हाच झोत बीड बायपासला किंवा पैठण रस्त्याला साठच्या वेगाने समोर येतो, तेव्हा वाचवायला गर्दी नसते.

आधी जादा दिवे लावणाऱ्याची बाजू ऐकू, कारण ती खोटी नाही. वाळूजच्या कारखान्यांतून सेकंड शिफ्ट सुटली की दुचाकी गंगापूर, लासूर, बिडकीनकडे पांगतात. शहराचे खांब संपले की पुढे मिट्ट काळोख. पट्टे न मारलेला गतिरोधक, रस्त्यात बसलेली जनावरे, हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. कामगार ज्या गाडीवर बसतो, तिच्या हेडलाइटमध्ये बऱ्याचदा 35 वॅटचा एक बल्ब आणि वर पिवळी पडलेली काच. त्याने पदरमोड करून दोन दिवे बसवले, तर त्याला हौशी म्हणणे अन्यायाचे होईल. जो रस्ता सरकारने उजळला नाही, तो हा कामगार आपल्या पगारातून उजळतो आहे.

शास्त्रही काही अंशी त्याच्याच बाजूने आहे. अंधारात समोरून एकच दिवा येत असेल, तर तो किती लांब आहे याचा नीट अंदाज येत नाही. दोन दिवे असले की त्यांच्यातले अंतर रुंदावताना दिसते आणि गाडी जवळ आल्याचे कळते. (एक हेडलाइट गेलेल्या जीपला मोटारसायकल समजून फसलेले लोक आपल्याकडे गावोगावी भेटतील.) ब्रिटनमधल्या रॉयल हॉलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले, की हेडलाइटच्या जोडीला आणखी दिवे देऊन त्यांचा त्रिकोण केला तर रात्री मोटारसायकलच्या वेगाचा अंदाज अधिक बरोबर येतो. मलेशियाने 1992 मध्ये दुचाकीला दिवसाही दिवा सक्तीचा केला आणि गाडी न दिसल्याने होणारे अपघात 29 टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. पुढे कित्येक महिने भर दुपारी लोक एकमेकांना पंजाची उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ सांगत होते, ते वाचकांना आठवत असेल.

दुचाकी दिसली पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण त्रिकोण दिसायला मंद दिवाही पुरतो. अॅक्सेसरीजच्या दुकानात गिऱ्हाईक मागते ते ‘फोकस मारणारे’ दिवे, आणि ते कसे आहेत हे दाखवण्यासाठी दुकानदार ते भिंतीकडे नव्हे, थेट आपल्या तोंडाकडे धरतो! विक्रीची ही तऱ्हाच सारे सांगून जाते.

एकदा दिपलेला डोळा पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. पन्नाशी उलटलेल्याला जास्त, मोतीबिंदू उतरू लागलेल्याला त्याहून जास्त. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, तर समोरच्या माणसाने पन्नास मीटर रस्ता आंधळेपणाने काटला. आणि त्या पन्नास मीटरांत कोण असते? तीच मागचा दिवा नसलेली ट्रॉली. म्हणजे ट्रॉली आपल्याला दिसावी म्हणून घेतलेला दिवा दुसऱ्या कुणाला तरी त्याच ट्रॉलीवर नेऊन घालतो. पंचनाम्यात ‘ताबा सुटला’ एवढेच लिहिले जाते. ज्याच्या झोताने तो सुटला, ती गाडी तोवर पुढच्या गावाला पोहोचलेली असते. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली आणि त्यांत सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. दांडगाई करणारा आणि ती सोसणारा, दोघेही त्याच दोन चाकांवर आहेत.

ज्याचे डोळे दिपले तो दुसऱ्या दिवशी जातो आणि त्याहून प्रखर दिवे बसवून येतो. बळी तो कान पिळी हा न्याय आता वॅटमध्ये मोजला जाऊ लागला आहे, आणि या चढाओढीत सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला भागच घेता येत नाही.

कायदा याबाबत गप्प आहे असे कुणी समजू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम स्पष्ट सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा; गाडीपासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांची उंची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये, 2019 च्या दुरुस्तीनंतर, रस्ता सुरक्षेची मानके मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्सवर गंडांतर अशी तरतूद आहे. पण बहुतेक तपासण्या दिवसा होतात, आणि दिवसा हा दिवा निरुपद्रवी दागिना दिसतो. कर्कश सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातल्या अनेक शहरांतून छापून आली. दिव्यांच्या वाट्याला तो मान अजून आलेला नाही, कारण आवाजाची तक्रार सगळी गल्ली करते. डोळे दिपलेला माणूस मात्र एकटा असतो आणि गाडीचा नंबरही त्याला दिसलेला नसतो.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे, हे निदान या शहराला तरी परक्याने येऊन सांगायला नको. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि इथल्या दोन पिढ्या दुचाकीच्या सुट्या भागांवर पोसल्या. त्याच वाळूजच्या व्हॅरॉक कंपनीने 2012 मध्ये व्हिस्टिऑन कंपनीचा दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला होता. पुढे 2022 मध्ये त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग विकला. बल्बमागचा आरसा, त्याची वक्रता, काचेवरच्या रेषा, बल्बची जागा या सगळ्यांचा हिशेब मिलिमीटरमध्ये असतो. फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या त्या आरशात रस्त्यावर विकत घेतलेला एलईडी खुपसला, की प्रकाश रस्ता सोडून झाडांवर आणि माणसांच्या तोंडावर फिरतो. हे जाणणारे शेकडो हात या शहरात आहेत, आणि याच शहरात कारखान्याची वायरिंग कापून, रिले आणि फ्यूज न घालता, काळ्या टेपने गुंडाळून दिवे जोडले जातात. तार तापून गाडीने पेट घेतला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते, तो तोटा वेगळाच.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मोटारसायकलस्वारांचा एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अंगावर चकाकणारे किंवा भडक कपडे घालणाऱ्यांना अपघातात दुखापतीचा धोका 37 टक्के कमी होता, तर पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा 24 टक्के कमी. आपल्याकडे पोरे काळे हेल्मेट, काळे जॅकेट, काळी गाडी घेतात आणि मग दिसावे म्हणून दिवे लावतात.

तरीही ज्यांना अंधाऱ्या रस्त्याने जावेच लागते, त्यांच्यापासून दिवे काढून घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी ते खाली, पुढच्या चाकाच्या उंचीवर बसवावेत, पिवळे घ्यावेत, वेगळे बटण ठेवावे आणि समोरून कुणी येताच हेडलाइटच्या डिपरबरोबर तेही बंद करावेत. शहराच्या हद्दीत ते लावूच नयेत. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्टी लावल्याखेरीज साखर कारखान्याने माल उतरवून घेऊ नये. पन्नास दुचाकींच्या दिव्यांपेक्षा तिचा उपयोग मोठा.

परिवहन खात्याला आमची एकच मागणी आहे. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते आणि तेवढ्या काळात तिचा दिवा कुठे पडतो, हे कुणीही अधिकृतपणे पाहत नाही. ती गाडी सरकारी नियमाने नेमाने जाते ती फक्त पीयूसी केंद्रावर. तिथे धूर मोजतात, पैसे घेतात, कागद देतात. प्रत्येक केंद्राने आठ मीटरवर एक फळा उभा करावा, त्यावर खुणेची रेघ ओढावी आणि झोत रेघेच्या वर गेला तर कागद देण्याआधी मालकाला हेडलाइटचा स्क्रू फिरवायला लावावे. नियम बदलायला वेळ लागेल. फळ्यावर रेघ ओढायला खडू पुरतो. सुरुवात गुलमंडीच्या आसपासच्या केंद्रांपासून करावी, आणि ती दिवाळीच्या खरेदीची गर्दी उसळण्याआधी करावी.