घोड्यांची गाडी घेताना आधी तळ पाहा

आपल्या तबेल्यातले घोडे स्पर्धेला नेण्यासाठी शाळेची स्वतःची गाडी घ्यावी, असा विचार सध्या चालू आहे. आमच्या हाउसमध्ये यावर रोज वाद होतो. बहुतेकांना दोन घोड्यांचा नवा, चकचकीत ट्रेलर हवा आहे. माझे मत वेगळे आहे. आपण चांगल्या स्थितीतला जुना छोटा ट्रक घ्यावा आणि वाचलेले पैसे त्याचा हौदा घोड्यांसाठी नीट बांधून घेण्यात घालावेत.

आधी पैशांचा हिशेब करू. एक घोडा साधारण साडेचारशे किलोचा धरला, तर दोन घोडे ९०० किलोंचे झाले. ट्रेलरचे स्वतःचे वजनही जवळजवळ तेवढेच असते. हे सगळे ओढणारी आणि उतारावर थांबवू शकणारी दमदार गाडी वेगळी घ्यावी लागेल. शाळेच्या जीपचे ते काम नाही. ट्रेलर जोडून गाडी मागे घेण्याचा सराव असलेला ड्रायव्हरही लागेल. शिवाय आपला संघ चार घोड्यांचा आहे, म्हणजे प्रत्येक स्पर्धेला दोन खेपा. ट्रक चालवणारे ड्रायव्हर मात्र शाळेत आहेतच.

काही जण म्हणतात, मग भाड्याचा ट्रक काय वाईट? गेल्या वर्षी आपण तोच केला होता. हौद्याचा तळ गुळगुळीत पत्र्याचा होता आणि रॅम्प नव्हता. मातीच्या उंचवट्याला ट्रक लावून घोडे चढवले आणि तसेच उतरवले. उतरताना बिजलीचा पाय घसरला आणि गुडघा सोलला. तिच्यावर वर्षभर सराव केलेला आमचा सीनियर दोन्ही दिवस प्रेक्षकांत बसून होता. भाडे कमी पडले, हे खरे. पण बिजली पुढचे कित्येक दिवस तबेल्यात उभी होती, ते कोणत्या बिलात धरायचे?

ट्रकने घोडे नेणे आपल्या देशात नवे नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या यात्रेला दूरदूरच्या राज्यांतले घोडे ट्रकमधूनच येतात. प्रश्न ट्रक आतून कसा आहे, याचा आहे. केंद्र सरकारच्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. साधा ट्रक वापरायचा असेल, तर तळावर पाय न घसरणारे साहित्य हवे आणि बाजू कमी उंचीच्या असतील, तर त्या वाढवायला हव्यात. दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागच्या बाजूला दोन भक्कम आडवे दांडे हवेत. समोरून येणाऱ्या गाड्यांना घोडे बिचकू नयेत, म्हणून त्यांची तोंडे डावीकडे असावीत. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. यातल्या कोणत्याही गोष्टीला फार मोठा खर्च नाही.

गाडी पाहायला जाणाऱ्यांनी रंगाकडे पाहू नये. रबरी मॅट पूर्ण उचलून खालच्या फळ्या पाहाव्यात. घोड्याचे मूत्र मॅटखाली साचते आणि लाकूड आतून कुजते. वरून चांगल्या दिसणाऱ्या फळीत स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, तर ती बदलायलाच हवी. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या रबराला भेगा आहेत का, हे पाहावे. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच जुने होतात. टायरवरच्या चार आकड्यांतून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, तेही कळते.

हवेची बाबही तितकीच महत्त्वाची आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. नाकात आणि श्वासनलिकेत गेलेली धूळ बाहेर टाकण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते. तोंड वर बांधून तासन्‌तास नेलेल्या घोड्याच्या फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. म्हणून हौद्याला वरच्या बाजूने हवा खेळेल अशा खिडक्या हव्यात. वाटेत थांबून पाणी पाजायला आणि दावे सैल करायला वेळ ठेवावा. मधले आडोसे तळापर्यंत नकोत. वळणावर तोल सांभाळायला घोडा पाय फाकवतो, त्याला तेवढी जागा मिळाली पाहिजे.

पालकांना वाटेल, पंधरा वर्षांच्या मुलाने गाडीच्या खरेदीत का बोलावे? पण घोड्याला चढवताना त्याच्या तोंडाशी आम्ही उभे असतो. साडेचारशे किलोंचा घोडा बिथरला, तर पहिला धक्का आम्हाला आणि सईसांना बसतो.

म्हणून प्राचार्य सरांना माझी विनंती आहे, की गाडी पसंत करायला जाताना रायडिंगचे उस्ताद आणि एक सईस यांना सोबत न्यावे. हौदा बांधून झाल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी तबेल्यातला एखादा शांत घोडा त्यात चढवून आणि उतरवून पाहावा. तो रॅम्पवर न अडखळता गेला, की बिल चुकते करावे. अडखळला, तर रॅम्प परत दुरुस्तीला द्यावा. रंगाचे पुढच्या वर्षी बघू.