तुंब्यावरील सृष्टी

दुध्या भोपळा म्हणजे भाजीचे फळ, एवढीच पुष्कळांची समजूत असते. जून होऊन वाळलेला भोपळा तर निरुपयोगी म्हणून टाकून दिला जातो. परंतु गर संपला म्हणजे फळाचे कार्य संपले, असे नव्हे. तंबोऱ्याचा घुमणारा भोपळा, साधूचा कमंडलू आणि वारल्यांचा तारपा ही त्याची साक्ष होय.

छत्तीसगडमधील बस्तरच्या अरण्यप्रदेशात या फळाला 'तुमा' म्हणतात. तुमा वाळवून व आतून पोखरून तेथील आदिवासी त्यात पिण्याचे पाणी नेत. त्याची वरची साल खरवडून, तापविलेल्या लोखंडी पात्याने ते त्यावर झाडे, पाने व पशुपक्षी रेखाटतात. पेरू देशाच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएटा येथे १९४६ साली सुरू झालेल्या उत्खननात कोरीव भोपळे सापडले. ते सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे आहेत. मातीची भांडी ज्यांना ठाऊक नव्हती, त्या लोकांनीही भोपळा नुसता वापरला नाही, तो सजविला.

आज पाणी नेण्याचे काम प्लास्टिकने व पोलादाने पत्करले आहे. तेव्हा आता या कलेने दिवाणखान्याची शोभा वाढवावी आणि बाजारात खपेल ती नक्षी गिरवावी, असे काहींना वाटते. कारागिराला चार पैसे मिळाले पाहिजेत, हे खरेच. तथापि केवळ नक्कल करणारा हात लवकरच आंधळा होतो. तुंब्यावर उमटलेला डाग पुसता येत नाही. म्हणून जे काढावयाचे, ते आधी नीट पाहावे लागते. किंबहुना पाहावयास शिकविणे हाच या कलेचा मोठा गुण होय.

यास्तव शाळेच्या कुंपणावर भोपळ्याचा एखादा वेल अवश्य चढवावा. खाडीकाठच्या मुलांनी त्याच्या फळावर कांदळाची टेकू दिल्यासारखी मुळे व चिखलातून डोकावणारी तिवराची मुळे काढावी. सह्याद्रीतील मुलांनी ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल काढावी. चित्र ओबडधोबड झाले तरी चालेल, पण ते आपल्या परिसराचे असावे. खाड्या बुजत आहेत, राने विरळ होत आहेत. ज्या झाडाचे मूळ नि मूळ निरखून रेखाटले, त्यावर कुऱ्हाड चालविताना माणसाचा हात क्षणभर तरी अडखळेल. एका कडू फळाकडून याहून अधिक अपेक्षा ती कोणती करावी?