फुलांचा भाव कोण विचारणार?



तुळशीचे लग्न लागले की गावोगाव मांडव पडू लागतात. कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो, मुलीचे ठरलेले असते आणि मुलीचा बाप तालुक्याला डेकोरेशनवाल्याच्या दुकानात बसलेला असतो. पुढ्यात मोबाइलवरचे फोटो. हे स्टेज पंचवीस हजारांचे, ते चाळीसचे. बाप फोटोकडे बघतो, शेजारी बसलेल्या व्याह्याकडे बघतो, आणि 'चालेल' म्हणून विसार मोजतो.

हाच बाप काट्यावर दोन किलो कापूस कमी भरला तर अडत्याची गचांडी धरायला निघतो. इथे त्याने एकही प्रश्न विचारला नाही. फुले कोणती? किती किलो? खरी किती, खोटी किती? विकताना आपण वाघ, घेताना गाय.

लगेच कोणी म्हणेल, बघा, शेतकरी संघटनेची माणसेसुद्धा आता मान्य करतात की शेतकरी लग्नापायी बुडतो! थांबा. ही बोंब फार जुनी आहे. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर नेमलेल्या सरकारी आयोगाच्या साहेबांनासुद्धा कबूल करावे लागले की, लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. शेतकऱ्याच्या लग्नाकडे बोट दाखवणाऱ्यांचा समाचार जोतिबांनीही घेतला. आणि जोतिबांचे घराणे कोणते? पेशव्यांना फुले पुरवणारे. आडनावच त्यावरून पडले. फुलांचा धंदा आणि शेतकऱ्याचे कर्ज, दोन्ही त्यांना घरातून ठाऊक होते.

तेव्हा आम्ही कोणाला 'साध्या पद्धतीने लग्न करा' असा उपदेश करायला बसलेलो नाही. शहरातल्याने हॉल फुलांनी मढवला तर ती हौस, आणि आमच्या पोरीच्या डोक्यावर चार फुले जास्त पडली तर उधळपट्टी? २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात चालू ठेवली. कर्जाचे कारण शोधायचे तर तिथे शोधा, मांडवात नको.

पण भाव मागणाऱ्याने भाव विचारलाही पाहिजे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावानेच धरा, आणि तो पदरात पडला तर. पंचवीस हजारांचे स्टेज म्हणजे तीन क्विंटलांहून जास्त कापूस. कोरडवाहूत एका एकरात तीन-चार क्विंटल निघाला तरी आपण बरे म्हणतो. एक एकराचे वर्षभराचे पीक, आणि ते दुपारच्या अक्षतांपासून रात्रीच्या पंगतीपर्यंत टिकणाऱ्या शोभेसाठी.

गेल्या हंगामात एका लग्नघरच्या वतीने आम्ही चौघे फुलवाल्यासमोर हिशेबाला बसलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. म्हटले, 'फोटो ठेव बाजूला. कागद घे आणि तीन रकाने पाड. फुले, ओवणीची मजुरी, आणि सांगाडा-कापड-गाडीभाडे.' तो आधी हसला, मग लिहू लागला. सगळ्यात लहान आकडा फुलांच्या रकान्यात आला. पडद्यावरची मागची फुले प्लास्टिकची, पुढच्या दोन रांगा तेवढ्या खऱ्या, आणि लोखंडी सांगाडा तोच, जो त्या हंगामात पंचवीस मांडव फिरून आलेला!

त्याचीही बाजू होती, ती सांगितली पाहिजे. तो रात्री दोनला उठून शहराच्या फुलबाजारात जातो, तिथे रोख मोजतो. दाट तिथीला भाव कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून आधीच सगळ्यात चढा भाव धरून ठेवतो. आणि लग्न उरकले की मुलीचा बाप त्याची बाकी महिनोन् महिने देत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे काही खोटे नव्हते.

मग सौदा असा ठरला की फुले त्या दिवशीच्या बाजारभावाने, लग्नघरच्या माणसासमोर तोलून. मजुरी आणि भाडे आधीच कागदावर. बाकी वरात निघायच्या आत रोख. थायलंडहून येणारे ऑर्किड रद्द. जरबेरा रद्द. झेंडू, शेवंती, वरमालांपुरता गुलाब आणि निशिगंध. लग्न गोरज मुहूर्ताचे, म्हणून हार सकाळी न लावता तीन वाजता लावायचे. वैशाखातल्या विदर्भात सकाळी टांगलेला गुलाब दुपारीच मान टाकतो, हे फोटोत दिसत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथ्यांसाठी तर आणखी सोपे आहे. दसरा-दिवाळी साधायला सगळेच झेंडू लावतात, आणि पाडवा गेला की भाव कोसळतो. तोडणी परवडत नाही म्हणून फूल बांधावर पडते. त्याच आठवड्यात तालुक्याच्या दुकानात स्टेजचा दर एक रुपयाने उतरत नाही! आपल्यातले कित्येक जण कपाशीच्या कडेने झेंडू लावतातच, हिरव्या बोंडअळीची मादी त्यावर अंडी घालते म्हणून. (गुलाबी बोंडअळी त्याला भुलत नाही, ते दुखणे वेगळे.) गावात कोणाच्या विहिरीला पाणी असेल त्याला श्रावणातच सांगून ठेवा. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फूल येते. त्याला बाजारापेक्षा दोन रुपये जास्त द्या, तरी तुम्हाला स्वस्त पडेल.

आणि हार ओवायला गावातल्या बाया बसवाल तर ओवणीची मजुरी त्यांच्या हातात द्या. 'आपलेच घरचे कार्य' म्हणून रात्रभर फुकट बसवू नका. १९८६ ला चांदवडला बायांच्या श्रमाचा हिशेब मांडणाऱ्या चळवळीचे आपण लोक.

काही मंडळी म्हणतात, प्लास्टिकच्या फुलांवर सरकारने बंदी घालावी. आमच्या मालाला निर्यातबंदीने मारणाऱ्या सरकारकडे आम्ही दुसऱ्याच्या मालावर बंदी मागायची? ज्याला प्लास्टिक हवे त्याने ते प्लास्टिकच्या भावाने घ्यावे. बिलावर खरे फूल आणि पडद्यावर खोटे, एवढे मात्र चालू देणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या दोन वर्षांतली मांडवाची, फुलांची जी बिले घरात सापडतील ती घेऊन या. बिल नसेल तर रक्कम आठवून लिहून आणा. ज्यांनी या हंगामात फूल विकले त्यांनी अडतीच्या पट्ट्या आणाव्यात. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडू.