गॅसवाहिन्या पुरल्या, नियमही पुरले काय?

रस्त्याच्या कडेला चर खणावयाचा, त्यात पिवळी वाहिनी सोडावयाची, वर माती लोटून कंत्राटदाराने पुढच्या गल्लीत निघून जावयाचे. आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पाण्याच्या नळासाठी, मग गटारासाठी, मग दूरध्वनीच्या तारेसाठी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कंत्राटदाराने जेसीबीचा पंजा घालावयाचा, हा आपल्या नगरांतील नित्याचा देखावा झाला आहे. बेळगाव असो, इंदूर असो, हैदराबाद असो वा पणजी असो, चित्र एकच. पाण्याचा नळ फुटला तर रस्त्यावर तळे साचते, लोक नगरपालिकेच्या नावाने चार बोटे मोडतात आणि वळसा घालून घरी जातात. गॅसची वाहिनी फुटली तर तळे साचत नाही. गॅस मातीतून, गटारातून, तारांच्या नळकांड्यांतून वाट काढीत कोणाच्या तरी घरात शिरतो आणि दिव्याचे बटण दाबले जाण्याची वाट पाहत बसतो.

आम्ही गॅसवाहिनीचे विरोधक नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. सिलिंडर जिन्यावरून वाहून नेण्याच्या कष्टातून गृहिणीची सुटका झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा सवाल निराळा आहे. या वाहिन्यांच्या सुरक्षिततेचे जे नियम शासनाने स्वतः केले, ते पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूस आमच्या नगरात कोण आहे? त्याचे कार्यालय कोठे आहे? आणि त्याने शेवटची तपासणी कधी केली?

नियम नाहीत अशी तक्रार कोणासही करता येणार नाही. नियमांची रेलचेल आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा संसदेने २००६ साली केला. मंडळ २००७ साली अस्तित्वात आले. नगरांतील गॅसजाळ्यांच्या तांत्रिक व सुरक्षाविषयक मानकांचे विनियम २००८ साली निघाले. आपत्तीच्या वेळी काय करावे याचे विनियम २०१० साली आले, जाळ्याची शाबूती राखण्याचे २०१३ साली. वाहिनी किती खोल पुरावी, तिच्यावर इशाऱ्याची पट्टी कशी अंथरावी, पोलादी वाहिनीस गंजापासून कसे जपावे, झडपा कोठे असाव्यात, गळती कशी शोधावी, सारे लिहिलेले आहे. नैसर्गिक गॅसला मूळचा वास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळावे, हेही लिहिलेले आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या तळघरात साचलेला बिनवासाचा गॅस पेटला आणि सुमारे तीनशे जीव, बहुतेक मुले, एका क्षणात गेले. आज आपल्या स्वयंपाकघरात जो वास आपणास सावध करतो, त्याची सक्ती त्या मुलांच्या चितांवरून आली आहे. आणि त्या वासावरही आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. गळलेला गॅस मातीतून लांबवर झिरपत आला तर माती तो वास शोषून घेऊ शकते. हवेत पाच ते पंधरा टक्के गॅस मिसळला की ठिणगीपुरताच अवकाश उरतो.

आता शिक्षेकडे वळू. कायद्याच्या २८ व्या कलमान्वये, परवान्याच्या अटी मोडणाऱ्यास प्रत्येक उल्लंघनासाठी एक कोटी रुपयांपर्यंत दंड करता येतो. उल्लंघन चालूच राहिले तर दररोज आणखी दहा लाखांपर्यंत. कागदावर हा दात तीक्ष्ण आहे, हे आम्ही मान्य करतो. पण हा दात आमच्या नगरात कोणत्या वाहिनीसाठी, कोणास, कधी लागला, हे येथील नागरिकास सहजी कळण्याची सोय कोठे आहे? मंडळाचे आसन दिल्लीत. देशात त्याने आखलेली भौगोलिक क्षेत्रे तीनशेहून अधिक. नळाच्या गॅसची घरगुती जोडणी घेतलेली कुटुंबे एक कोटीच्या पलीकडे गेली. आणि या एवढ्या पसाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळाची कथा काय? २०२० च्या डिसेंबरात अध्यक्षांची मुदत संपली, आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ते आसन रिकामे राहिले! घराघरांत गॅस नेण्याची घाई ज्या शासनास होती, त्यास त्यावरचा पहारेकरी नेमण्याची घाई नव्हती. हे कशाचे द्योतक मानावे?

प्रत्यक्ष तपासणीचे काम बव्हंशी मंडळाने मान्य केलेल्या त्रयस्थ संस्थांकडून करवून घ्यावयाचे, अशी व्यवस्था आहे. त्रयस्थ हा शब्द भारदस्त आहे. परंतु ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याच्याच तिजोरीतून तपासनिसाचा मेहनताना निघत असेल, तर त्या त्रयस्थाची तटस्थता किती दिवस टिकेल, हे कोणाही व्यवहारी माणसास सांगण्याची गरज नाही. सर्वच तपासनीस लाचखाऊ असतात असे आम्हास म्हणावयाचे नाही. पण प्रामाणिक तपासनिसाचाही अहवाल कंपनीच्या आणि मंडळाच्या कपाटांत बंद राहिला, तर ज्याच्या उंबऱ्याखालून वाहिनी गेली आहे त्यास त्याचा काय उपयोग?

अंमलबजावणीविना नियम म्हणजे काय, हे पाहण्यास दूर जावयास नको. आंध्रातील गोदावरीच्या मुखप्रदेशात नगरम नावाचे गाव आहे. २७ जून २०१४ च्या पहाटे तेथून जाणारी मोठी गॅसवाहिनी फुटली, पेटली, आणि झोपेतली माणसे जळून गेली. वीसहून अधिक प्राण गेले. ती नगरातली बारीक वाहिनी नव्हती, दूरवर गॅस नेणारी होती, हे खरे. पण चौकशीतून जे बाहेर आले ते प्रत्येक नगराने ऐकण्यासारखे आहे. कोरड्या गॅससाठी असलेल्या वाहिनीतून पाणी व द्रवांश मिसळलेला ओला गॅस नेला जात होता, आणि वाहिनी आतून गंजत गेली होती. गॅस कोरडा करूनच वाहिनीत सोडावा, हे तंत्रज्ञांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. ते घडते आहे की नाही हे बाहेरून येऊन, दार ठोठावून, पाहणारा कोणी नव्हता. आणि ती वाहिनी कोणा खाजगी नफेखोराची नव्हती, सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची होती. मालक सरकारी असला की पहारा लागत नाही, हा भ्रम नगरमच्या आगीत जळून जावयास हवा होता.

श्रीमंत देशांत असे होत नाही, असे कोणी म्हणेल, तर त्याने कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनोची हकीकत ऐकावी. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी तेथील एका वस्तीखालची तीस इंची गॅसवाहिनी फुटली. आठ माणसे मेली, अडतीस घरे नष्ट झाली. गॅसचा पुरवठा बंद करण्यास तब्बल ९५ मिनिटे लागली! वाहिनी १९५६ साली घातलेली. कंपनीच्या दप्तरी ती बिनजोड म्हणून नोंदलेली; प्रत्यक्षात जेथे फुटली तेथे सदोष सांध्यांचे आखूड तुकडे जोडलेले होते. दप्तर एक सांगत होते, जमिनीखाली दुसरेच होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा दोष एकट्या कंपनीस दिला नाही. जुन्या वाहिन्यांस पाण्याच्या दाबाच्या चाचणीतून सूट देणाऱ्या आणि कंपनीची ढिलाई न ओळखणाऱ्या शासकीय यंत्रणेसही दिला. पुढे २०१४ साली कंपनीचे अधिकारी आणि राज्याचा नियामक आयोग यांच्यातील खाजगी पत्रव्यवहार उघड झाला. दरवाढीच्या खटल्यात अमुक न्यायाधीश मिळावा, अशी खटपटही त्यात होती. चौकीदार आणि ज्याच्यावर चौकी तो, दोघांची पंगत एकच! २०१५ साली आयोगाने कंपनीवर १६० कोटी डॉलरांचा दंड बसविला. पण आठ माणसे जाईपर्यंत तो आयोग झोपलेला होता, हे विसरून चालणार नाही.

दंडाविषयी आम्हास आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आपल्या नगरांस विशेष लागू आहे. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे ९ फेब्रुवारी २०११ रोजी १९२८ सालची बिडाची गॅसवाहिनी तडकून स्फोट झाला, पाच जण दगावले. कंपनीस दंड झाला पाच लाख डॉलरांचा. एवढ्या कंपनीस ही रक्कम म्हणजे हातावरचे पाणी. परंतु त्या निवाड्यात दुसरे एक कलम होते: जाळ्यातली बिडाची प्रत्येक वाहिनी चौदा वर्षांत काढून टाकावी. आमच्या मते खरा दात तो. तारीख घातलेला, मोजता येणारा, न पाळल्यास उत्तर द्यावे लागणारा हुकूम. नुसता दंड कंपनी भरते आणि ग्राहकाच्या बिलातून हळूहळू वसूल करते.

आणि कंपनीत नगरपालिकाच भागीदार असली तर? वडोदऱ्याच्या मराठी वाचकांस हा प्रश्न नवा नाही. नळाने गॅस पुरविणारी ती देशातील पहिल्या नगरपालिकांपैकी एक. तेथे हे काम १९७२ सालापासून चालू आहे. २०१३ साली तेथील महानगर सेवासदन आणि गेल यांची भागीदारीतील कंपनी झाली. सयाजीरावांच्या नगरीने पाणी, शाळा, ग्रंथालये यांत जो पुढाकार घेतला, त्याच वाटेवरचे हे पाऊल, असे आम्ही कौतुकाने म्हणतो. पण कौतुकाबरोबर एक अडचणही येते. रस्ता फोडण्याचा परवाना देणारी नगरपालिका. गटारासाठी तोच रस्ता फोडणारी नगरपालिका. आणि रस्त्याखालच्या वाहिनीची अर्धी मालकीणही नगरपालिका! अशा ठिकाणी दंड कोणी कोणास करावयाचा? केला तरी तो भरावयाचा कोणी? करदात्यानेच. तेव्हा जेथे नगरपालिकेचा हात गॅसमध्ये आहे, तेथे बाहेरचा तपासनीस अधिक कडक हवा आणि जबाबदारी संस्थेच्या नावावर न ठेवता त्या त्या अभियंत्याच्या नावावर हवी.

ज्या नगरांत कंपनी परकी आहे, तेथे नगरपिते हात झटकून मोकळे होतात. गॅस हा आमचा विषय नाही, तो दिल्लीचा आहे, असे उत्तर मिळते. रस्ता फोडण्याचे शुल्क आणि अनामत मोजून घेताना मात्र तो विषय अगदी आपला असतो! वाहिनी कोठून, किती खोल, कोणत्या वळणाने गेली, याचा नकाशा नगरपालिकेने त्याच वेळी मागून दप्तरी ठेवला काय? आणि पुढे गटाराचे काम काढताना तो नकाशा कंत्राटदाराच्या मुकादमास दाखविला काय? कंपनीस विचारावे तर ती म्हणते, इतरांच्या खोदकामाने आमच्या वाहिन्या तुटतात. कंत्राटदार म्हणतो, खाली वाहिनी आहे हे आम्हास कोणी सांगितले नाही. दोघेही खरे बोलत असतील. आणि दोघांच्या खऱ्याच्या मधोमध जो खड्डा आहे, तो बुजविणे हेच तर अंमलबजावणीचे काम!

खोदण्यापूर्वी विचारा, अशी सोय करणारे एक ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले, हेही आम्ही जाणतो. ते काढले दूरसंचार खात्याने, मुख्यतः ऑप्टिकल फायबरच्या तारा तुटू नयेत म्हणून. तार तुटली तर फोन बंद पडतो. गॅसवाहिनी तुटली तर काय होते, ते वर सांगितले आहे. तारेविषयीची ही तत्परता गॅसविषयी नगरपालिकेने सक्तीने लागू करावी. कंपनीला सूचना दिल्याची पावती आणि कंपनीचा माणूस जागेवर हजर, यांविना कोणत्याही खोदकामाचा परवाना लागू होऊ नये. त्यासाठी दिल्लीच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. परवाना देणारा हात येथलाच आहे, अट घालणारा हातही येथलाच असू शकतो.

भाषेचा मुद्दाही ओघाने येतो, तो आम्ही ओढून आणलेला नाही. वाहिनीवरच्या खुणेच्या दगडावर, गळतीच्या दूरध्वनीच्या पाटीवर, बिलामागच्या सूचनांवर जी अक्षरे असतात, ती ज्याच्या घरावर संकट यावयाचे त्यास वाचता आली पाहिजेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जी योजना १९५६ साली ठरली, तिच्यात लोकसंख्येच्या पंधरा टक्के वा अधिक असणाऱ्या समाजास महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्याच्या भाषेत मिळावेत, असे म्हटलेले आहे. वास आल्यास बटणास हात लावू नका, दारे उघडा, बाहेर पडून दूरध्वनी करा, याहून महत्त्वाची सूचना कोणती? ती कन्नडात असावी, इंग्रजीत असावी, आणि मराठी वस्तीत मराठीतही असावी. आजीबाईस न समजणारा इशारा हा इशारा नव्हे.

आमच्या नगरसेवकांस आमची विनंती अशी की, येत्या सर्वसाधारण सभेत त्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: प्रभागवार वाहिन्यांचे नकाशे, गेल्या तपासणीचा अहवाल व त्यातील उणिवा, त्या उणिवा दूर करण्याची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, आणि गेल्या वर्षी वासाच्या किती तक्रारी आल्या, प्रत्येकीस माणूस किती मिनिटांत पोहोचला त्याची नोंद. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले जाईल, असा आमचा कयास आहे. म्हणून तोच सर्वांत आधी विचारावा. पावसाळा सरला की चरांचे काम पुन्हा सुरू होते. त्यापूर्वी हे कागद सभेच्या मेजावर आले पाहिजेत.